हेडं कुणी बसवली

पेटीचं झाकण निघालं तरी थोरल्याने आत हात घातला नाही. आधी वाकून पेटी हुंगली.

"दादा, हेड आहे ते, मासळी नाही," धाकटा म्हणाला.

"नव्या मालाला नव्या मालाचा वास येतो. ह्याला रंगाचा येतोय. जुनं काहीतरी घासूनपुसून, रंग मारून गळ्यात मारलंय तुझ्या."

"रंग पेटीला मारलाय."

थोरल्याने पेटीच्या लाकडाला नाक लावलं. वास लाकडाचाच होता. पण एवढ्यावर माघार घेईल तर तो थोरला कसला! "पेटी रंगवायचं कारण काय मग?" असं म्हणून त्याने चष्मा पुसला आणि दोन्ही हातांनी हेड उचलून बाकावर ठेवलं. अॅल्युमिनियमचं असल्यामुळे ते अपेक्षेपेक्षा फारच हलकं लागलं. तेही त्याला आवडलं नाही.

या दोघा भावांना गॅरेजच्या आसपासचे सगळे थोरले आणि धाकटे म्हणूनच ओळखत. थोरला बासष्टचा, धाकटा त्रेपन्नचा. तीस वर्षं दोघांनी मिळून एकच काम केलं होतं, इंजिन उघडायचं आणि पुन्हा बांधायचं. टायर, रंग, दिवे असल्या गोष्टी घेऊन कुणी आलं की थोरला त्याला समोरचं दुकान दाखवायचा. त्याचा जगात कशावरच विश्वास नव्हता. कंपनीचं सील असलेला बोल्टही तो स्वतः मापल्याशिवाय लावत नसे, आणि पंपावर पेट्रोल भरताना आकड्याऐवजी भरणाऱ्याच्या अंगठ्याकडे बघत उभा राही. लोक हसायचे, पण इंजिन मात्र त्याच्याकडेच आणायचे. त्याच्या संशयातून सुटलेलं इंजिन पुन्हा उघडावं लागत नाही, असा त्याचा लौकिक होता आणि त्याला तो जिवापेक्षा प्यारा होता.

आताची गाडी दातांच्या डॉक्टरांची होती. आठ सिलिंडरचं जुनं, दांडगं इंजिन, चार एका बाजूला, चार दुसऱ्या. प्रत्येक बाजूवर एक हेड, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं जाडजूड झाकण. हवा आणि पेट्रोल आत यायच्या वाटा, धूर बाहेर जायच्या वाटा, सगळ्या त्याच्याच पोटात कोरलेल्या. तीन आठवड्यांनी डोंगराच्या रस्त्यावर शर्यत होती आणि डॉक्टरांना या वर्षी पहिल्या तिघांत यायचं होतं. गेल्या वर्षी ते नववे आले होते. दवाखान्यात पेशंटचं तोंड उघडं असतानाही ते त्याबद्दल बोलत, असं ऐकिवात होतं.

हेडांची निवड चालली होती तेव्हापासूनच थोरल्याचं बिनसलं होतं. डॉक्टर चकचकीत माहितीपुस्तक घेऊन आले आणि सर्वांत मोठ्या पोर्टच्या, म्हणजे हवेच्या वाटांच्या, हेडांवर त्यांनी बोट ठेवलं. थोरला म्हणाला, "काही गरज नाही. गाडीची मूळची बिडाची हेडंच ठेवू. पोर्ट मी हातानं घासून मोठे करतो." हे काम तो तरुणपणापासून करत आला होता. पंधरा-वीस दिवस ग्राइंडर हातात घेऊन बसायचं, पोर्टमध्ये अंगठा घालून भिंत चाचपायची, पुन्हा घासायचं. कुठे थांबायचं ते त्याच्या अंगठ्याला कळायचं.

धाकट्याने माहितीपुस्तक आपल्याकडे ओढलं. मग हळूच म्हणाला, "डॉक्टर, मोठ्या पोर्टमधून हवा जास्त जाते हे खरं. पण कधी, तर इंजिन किंचाळत असताना. तुम्ही वळणातून गाडी उचलता ती खालच्या फेऱ्यांवर. तिथं एवढ्या मोठ्या वाटेत हवा नुसती रेंगाळेल. मधल्या मापाची घ्या, अॅल्युमिनियमची. वजन निम्मं होईल, आणि चढावर गाडी हाकेसरशी पळेल."

डॉक्टरांनी थोरल्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे, आणि धाकट्याचं म्हणणं मानलं. थोरल्याला ते लागलं. नवी हेडं वाईट होती म्हणून नव्हे. त्याच्या अंगठ्याची कुणाला गरज उरली नाही म्हणून.

तेव्हा आता तो त्या हेडांच्या हात धुऊन मागे लागला. सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खालून फीलर गेजची पातळ पाती सरकवून पाहिली, कुठे बाक आहे का म्हणून. नव्हता. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दाबून पाहिल्या. मग हेडातल्या प्रत्येक चेंबरवर, पेट्रोल पेटतं त्या खळग्यावर, काच ठेवून काचेच्या नळीतून निळं पाणी थेंब थेंब सोडलं. किती पाणी मावतं यावर चेंबरचं माप ठरतं. आठही चेंबरमध्ये चौसष्ट सीसी, फरक अर्ध्या मापाचासुद्धा नाही.

"आठच्या आठ सारखे?" थोरला म्हणाला. "माणसाच्या हातून आठ सारखे होत नाहीत."

"मशीननं केलेत ना दादा."

"तेच म्हणतोय मी!"

पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली माती थापून, हेड नुसतं टेकवून, इंजिन हाताने दोनदा फिरवून, उमटलेली माती पात्याने कापून तिची जाडीही त्याने मोजली. व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नव्हता, मधे भरपूर जागा होती. हेडांत खोट सापडेना, तेव्हा थोरल्याचा संशय ती निवडणाऱ्याकडे वळला.

त्यालाही कारण होतं. गेले कित्येक दिवस धाकट्याचा फोन वाजला की तो उठून बाहेर पाण्याच्या टाकीपाशी जायचा आणि हलक्या आवाजात बोलायचा. थोरला दारात दिसला की, "बरं, ठेवतो," म्हणून फोन खिशात. त्याच सुमाराला हेडं पुरवणाऱ्या पार्टवाल्याने पुलापलीकडे मोठं वर्कशॉप काढलं होतं आणि त्याला चांगला हात हवा होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. हेडं धाकट्याने निवडली, त्याच पार्टवाल्याकडून आणली. थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली आणि मग ती चुकचुकतच राहिली. तीस वर्षं बरोबर काढलेला भाऊ उद्या टूलबॉक्स उचलून पुलापलीकडे जाणार, आणि जाता जाता आपल्या नावावर बिघडलेलं एक इंजिन मागे ठेवून जाणार, या विचाराने त्याला झोप येईना.

दुपारी तो जेवायला घरी गेला, तर बायको फोनवर बोलत होती. त्याला पाहताच तिने फोन पालथा ठेवला.

"कुणाचा होता?"

"चुकून लागला होता."

"चुकून लागलेल्या माणसाशी पाच मिनिटं बोलतेस?"

"चांगला माणूस होता," बायको म्हणाली आणि ताट वाढायला लागली.

थोरला जेवला, पण एकाही घासाची चव त्याला लागली नाही. घरातही काहीतरी शिजत होतं.

गॅरेजमध्ये परतल्यावर त्याने धाकट्याला सांगितलं, "हेडं मी एकटा बसवणार."

इतकी वर्षं हेड बसवायचं काम दोघांचं होतं. थोरला बोल्ट लावून आवळायचा. तो हात धुवायला गेला की धाकटा मागाहून इंजिन पुसून काढायचा आणि हेडांवरची पत्र्याची झाकणं लावायचा.

"दोघं असलो की बरं पडतं दादा."

"का? मला हात नाहीत?"

"तसं नाही. निदान झाकणं तरी मी लावतो."

"झाकणांना हात लावलास तर बघ!"

धाकट्याचा चेहरा उतरला. एरवी कामातून सुटका झाली तर माणूस खूश होतो, आणि हा तोंड पाडून उभा. एवढं काय अडलंय याचं त्या झाकणांवाचून? थोरल्याने त्याला बाहेर काढून दार लोटून घेतलं.

उजवी बाजू त्याने झकास बसवली. इंजिनचा ब्लॉक पुसला, त्यावर फट बुजवणारं पातळ गॅस्केट ठेवलं, हेड अलगद टेकवलं. एका हेडला सतरा बोल्ट. या इंजिनात बोल्टांची टोकं थेट आतल्या पाण्यात उतरतात, म्हणून प्रत्येक बोल्टच्या आट्यांना पांढरं सीलंट फासावं लागतं. नाहीतर पाणी आट्यांवरून वर चढतं आणि तेलात उतरतं. थोरल्याला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. बोल्टला वॉशर, आट्यांना सीलंट, बोल्ट भोकात. मग जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने मधून बाहेरच्या दिशेने तीन फेऱ्यांत आवळायचं, प्रत्येक फेरीला थोडं अधिक.

डाव्या बाजूचे निम्मे बोल्ट झाले असतील, तेवढ्यात बाहेर फोन वाजला. थोरल्याने खिडकीतून पाहिलं. धाकटा टाकीपाशी पाठमोरा उभा होता. हात बोल्ट उचलत राहिले आणि कान खिडकीकडे गेले.

"हो, एकटाच बसवतोय," धाकटा सांगत होता. "मला जवळ येऊ देत नाही. नाही, दारच लावून घेतलंय... तुम्ही काळजी करू नका, मी करतो काहीतरी."

थोरल्याचे कान तापले. तुम्ही! म्हणजे पलीकडे पार्टवालाच. आणि हा काहीतरी करणार होता! त्याने उरलेले बोल्ट घातले, दात-ओठ खात आवळले, झाकणं स्वतः लावली, पाणी भरलं आणि इंजिन चालू केलं. आवाज असा आला की बाहेरचा धाकटासुद्धा चटकन वळला. थोरल्याने विजयी मुद्रेने त्याच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सवयीने तेलाची पट्टी ओढली. तिच्यावर तेल नव्हतं, चहा होता. निदान रंग तरी दुधाच्या चहाचा होता. रातोरात पाणी तेलात मिसळलं होतं.

थोरल्याने पट्टी पुसून पुन्हा बुडवली आणि पुन्हा ओढली, रंग तोच. इतक्या वर्षांत त्याच्या हातच्या इंजिनात असं झालं नव्हतं. मग त्याला कंठ फुटला.

"बघ! बघ तुझा अॅल्युमिनियमचा माल! हेड पाझरतंय. ओतकामच सच्छिद्र आहे. किती मिळाले रे तुला पार्टवाल्याकडून?"

"दादा, आधी बोल्ट बघू या."

"बोल्ट मी लावलेत!"

त्याने एकट्याने दोन्ही हेडं उतरवली. उजवीकडचे बोल्ट एका तसराळ्यात, डावीकडचे दुसऱ्यात फेकत गेला; कुठला कुठून निघाला ते धाकटा मागून बघत होता. ती हेडं गाडीत घालून तो लेथवाल्याकडे निघाला, तेव्हा धाकटा पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात एकेक बोल्ट जागच्या जागी खोवत बसला होता. त्याच्याकडे थोरल्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

लेथवाल्याने हेडांची सगळी तोंडं बंद केली, आत दाबाने हवा भरली आणि हेडं गरम पाण्याच्या टाकीत बुडवली. कुठे भेग असेल, छिद्र असेल तर तिथून बुडबुडे येतात. दोघे टाकीवर वाकून अर्धा तास बघत राहिले. एक बुडबुडा वर येईल तर शपथ.

"ठणठणीत आहेत थोरले," लेथवाला म्हणाला.

"तुझं पाणी गढूळ आहे. दिसत नाहीये."

लेथवाला बिचारा शहाणा माणूस. त्याने टाकी रिकामी करून स्वच्छ पाणी भरलं, ते तापवलं आणि हेडं पुन्हा बुडवली. आता तळाशी पडलेला खिळासुद्धा दिसत होता, बुडबुडा मात्र नव्हता.

परतताना थोरल्याने गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली. हेडं चांगली आहेत, तर मग पाणी आलं कुठून? उत्तर एकच होतं. तो घरी गेल्यावर संध्याकाळी कुणीतरी काहीतरी केलं. मी करतो काहीतरी, असं तो म्हणालाच होता.

दार ढकलून आत शिरतो, तर धाकटा बाकावर थिनरची वाटी आणि तारेचा ब्रश घेऊन बोल्ट घासत बसलेला. थोरल्याला बघून तो दचकला आणि त्याने पुठ्ठा पाठीमागे सरकवला.

"काय करतोयस?"

"काही नाही. पुसतोय."

"पुरावा पुसतोयस!" थोरल्याने पुठ्ठा हिसकावून घेतला आणि उजेडात धरला.

उजव्या बाजूचे सतरा बोल्ट घासून लख्ख झाले होते. डाव्या बाजूचे अजून तसेच होते. त्यातल्या चौदांच्या आट्यांत वाळलेलं पांढरं सीलंट भरलेलं होतं. खालच्या रांगेतल्या तीन बोल्टांचे आटे कोरे होते. त्यांच्यावर पाण्याचे तांबूस डाग होते, बाकी काही नव्हतं.

थोरल्याने ते तीन बोल्ट एकेक करून बाहेर काढले आणि नखाने खरवडून पाहिले. खिडकी, टाकी, पाठमोरा धाकटा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्या वेळी हातात कोणते बोल्ट होते, हे त्याला विचारायची गरज नव्हती.

"सगळे सारखे घासले असते तर कळलं नसतं," धाकटा खाली मान घालून म्हणाला. "गॅस्केट नीट बसलं नाही असं सांगणार होतो."

"कुणाला?"

"तुला."

बाहेरून कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. थोरल्याने स्टूल ओढलं आणि बसला.

"ह्याआधी किती वेळा झालंय?"

धाकटा ब्रश थिनरमध्ये बुडवत राहिला.

"किती वेळा, विचारतोय मी!"

"दीड वर्षात पाच-सहा वेळा. लाल गाडीला दोन वॉशर राहिले होते. त्या टेम्पोचा एक बोल्ट हातानंच लावलेला होता, आवळलाच नव्हता. मी पुसताना बघायचो, राहिलेलं करायचो आणि झाकणं लावून टाकायचो."

"आणि फोन?"

"वहिनींचा. घरी पण होतं ना तसं. गॅस चालू राहतो, किल्ली दारालाच लटकत असते. त्या विचारतात आज काय झालं, मी विचारतो घरी काय झालं. दुसऱ्या कुणाला सांगणार होतो आम्ही?"

"पार्टवाला तुला बोलावत नाही?"

"बोलावलं होतं. मागच्या वर्षीच नाही म्हणून सांगितलं."

संशय खरा निघाला होता. बायको आणि भाऊ खरंच त्याच्या पाठीमागे काहीतरी करत होते. दीड वर्षं दोघांनी त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली होती, आणि सगळ्या जगाच्या अंगठ्यांकडे बघणाऱ्या थोरल्याला त्याचा पत्ताही लागला नव्हता. याच्या-त्याच्या हातावर शंका घेता घेता एक हात तपासायचा राहिला होता. आधी त्याला राग आला, इतका की हातातले बोल्ट फेकून मारावेत. भाऊ चोर निघाला असता तर बरं झालं असतं, असं त्याला क्षणभर अगदी मनापासून वाटलं. चोराला निदान हाकलून देता येतं. मग राग ओसरला आणि त्याला फार लाज वाटली. किती मिळाले रे तुला, असं आपण सकाळी म्हणालो होतो, ते त्याला आठवलं.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"कसं सांगणार दादा? तुला काम सोडून दुसरं येतं काय?"

हे धाकटा इतक्या साधेपणाने बोलला की थोरल्याला त्यावर चिडताही आलं नाही. तो उठून घरी गेला. बायकोने दार उघडलं आणि त्याच्या तोंडाकडे पाहून तिला सगळं समजलं.

"फोन चुकून लागत नव्हता तर," तो म्हणाला.

"नाही."

"चांगला माणूस आहे."

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला," ती म्हणाली. मग दार लावून घेत, "एखाद्या डॉक्टरला दाखवू या का? दातांच्या नव्हे."

त्याने हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

सकाळी तो गॅरेजमध्ये आला तेव्हा धाकट्याने नवी गॅस्केटं काढून ठेवली होती, ब्लॉक पुसून ठेवला होता, आणि थोरल्याची वाट बघत तो बाजूला उभा होता. टॉर्क पाना बाकावर होता. थोरल्याने तो उचलला, काही वेळ हातात धरला आणि भावाच्या पुढे केला.

"मी?" धाकटा म्हणाला.

"मग काय लेथवाल्याला बोलावू?"

थोरल्याने भिंतीवरचा हँडलॅम्प काढला, वायर सोडवली आणि इंजिनच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला. "कुठं धरू सांग," तो म्हणाला. धाकट्याने बोटाने जागा दाखवली.

डावं हेड बसत होतं तेवढ्यात डॉक्टर आले. दारातच थबकले. त्यांनी लॅम्प धरलेल्या थोरल्याकडे पाहिलं, पान्यावर असलेल्या धाकट्याकडे पाहिलं.

"हे काय थोरले? मला वाटलं गाडी आज मिळणार. आणि तुम्ही दिवा धरून?"

"थोडं काम राहिलं होतं डॉक्टर," धाकटा घाईघाईने म्हणाला. "दादानंच बसवलीत, मी आपलं..."

"काम राहिलं नव्हतं," थोरला म्हणाला. "परवा मी हेडं बसवली होती. तीन बोल्टांना सीलंट लावायचं विसरलो. पाणी तेलात गेलं. काल सगळं उतरवलं. आता हा बसवतोय."

डॉक्टर दोन पावलं आत आले. "पण मी तर तुमचा हात म्हणून गाडी इथं आणली होती," ते म्हणाले आणि म्हटल्यावर त्यांनाच कसंतरी झालं.

"हेडं निवडली त्यानं, बसवतोय तो. शर्यतीच्या कागदावर इंजिन कुणी बांधलं म्हणून लिहायचं असतं ना, तिथं ह्याचं नाव घाला. परवा सकाळी या. तेल दोनदा बदलून, तासभर चालवून देऊ."

डॉक्टर बरं म्हणाले, जरा वेळ घुटमळले आणि गेले. धाकटा पाना तसाच धरून उभा होता. "कशाला सांगितलंस दादा? त्यांना काही कळलं नसतं."

"पुढचा बोल्ट घे."

धाकट्याने बोल्ट उचलला, वॉशर घातला, आट्यांना सीलंट फासलं. थोरल्याने वाकून आटे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि मान हलवली, तेव्हाच धाकट्याने तो भोकात सोडला. मग दुसरा, मग तिसरा. सतरा बोल्ट होईपर्यंत थोरला सतरा वेळा वाकला. एकाही बोल्टमध्ये त्याला खोट सापडली नाही. लॅम्प जड होता आणि हात भरून आला होता. त्याने दुसरा हात खाली लावला आणि उजेड जागचा हलू दिला नाही.